दगड हलवून ठेवा

लूटनचं पाणी जड.
आठवड्याभरात किटलीच्या बुडाला पांढरी खपली धरते,
केसांचा काथ्या होतो, चहावर तवंग.
नऊ वर्षं मी या पाण्याला नावं ठेवली.
रेल्वेपुलाखालच्या दुकानातला टेरेन्स म्हणाला,
"मलावी सरोवरातल्या माशांना हेच लागतं, बाई.
तुमच्या नळाला आफ्रिका येते."

टाकी ग्रेगची. चार फुटी.
सामानाबरोबर आली ती,
आणि बारा सिक्लिड,
आणि ओवेन, आठवड्यातले चार दिवस.
माझ्याकडे तन्मयी. सातही दिवस.

मी वहीत यादी नेली होती.
एंजल? त्याला मऊ पाणी हवं.
निऑन? "ते सोबती नव्हेत, नाश्ता आहे."
मोरासारखा निळा तो पीकॉक?
राजबिंडा, पण भिडस्त,
या दांडगटांत पंधरा दिवसांत रंग उतरेल त्याचा.
काळ्या पट्ट्यांचा पिवळाधमक दाखवून मी विचारलं, हा?
टेरेन्सनं नुसती मान हलवली
आणि मनगटावरचा एक जुना ओरखडा दाखवला.
तो माशाचा होता की मांजराचा, मी विचारलं नाही.

शेवटी पिवळे लॅब, सात.
"शांत. म्हणजे, त्यातल्या त्यात."
आणि एक ठिपक्यांचा मिशाळ,
दिवसभर कपारीत उलटा लटकणारा,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मी म्हटलं, वीस म्हणजे दाटी नाही होत?
"दोन ठेवाल तर एक दुसऱ्याला मारेल.
वीस ठेवा, राग वाटला जातो.
मात्र पाणी दर आठवड्याला बदला, टाळाटाळ नको."
मला आमची अकरा भावंडं आठवली, सख्खी-चुलत,
एका न्हाणीघरापुढे रांगेत.
कुणावर रुसायचं हे ठरेपर्यंत नंबर यायचा.

पिशव्या बांधताना तो म्हणाला,
"नवे सोडण्याआधी सगळे दगड हलवून ठेवा.
कुठली कपार कुणाची, जुन्यांनाही आठवता कामा नये.
सगळेच बावचळले
की तेवढ्यात नव्यांना जागा मिळते.
पहिली रात्र दिवा लावू नका."

रविवारी बाह्या सारून बसलो.
ओवेन दगड काढून देई,
तन्मयी जुन्या ब्रशनं शेवाळ खरवडे.
ईस्टरपासून बोलत नव्हती दोघं,
खिडकीजवळच्या खुर्चीवरून.
आताही बोलणं असं नाहीच.
"हा?"
"तो नको. चपटा दे."

त्या रात्री
मी सोफा ओढला भिंतीपासून,
टीव्ही समोरच्या कोपऱ्यात नेला,
ती खुर्ची जिन्याखाली,
जेवणाचं टेबल आडवं.
ग्रेग वरून म्हणाला, अकरा वाजता काय चाललंय?
म्हटलं, धूळ.

सकाळी दोघं जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी,
हातात आपापला वाडगा,
कुठे बसायचं कळेना.
टाकीत एका लॅबची शेपटी अर्धी कुरतडलेली.
तेवढं होतंच, टेरेन्स म्हणाला होता.
बाकीचे फिरत होते, दगडांना नाक लावून,
पत्ता विचारत असल्यासारखे.

महिन्याभरानं एक मादी खाईना.
गाल फुगलेले, हनुवटी खाली आलेली.
ओवेन म्हणाला, आजारी आहे का?
तन्मयीनं काचेला कपाळ टेकवलं:
"नाही रे. तोंडात अंडी आहेत.
तीन आठवडे उपाशी राहील.
चिडलीय असं वाटतं फक्त."
मी मागे भांडी पुसत होते. पुसत राहिले.

गुरुवारी त्याची आई डन्स्टेबलहून न्यायला आली.
कोट घालून तो टाकीपुढे उभा,
ओठ हलवत मोजत.
एकोणीस. मग मिशाळ दिसला. वीस.
"कमी घाल हां. हिरवंच घाल, नाहीतर पोट फुगतं."
"माहितेय."
बाहेर हॉर्न वाजला.
किटली उकळायला लागली होती,
आत खपली खडखडत.